‘पास आउट’ म्हणजे केवळ बेशुद्ध पडणे नव्हे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

नोकरीच्या जाहिरातींत ‘२०२५ पासआउट चालतील’ असे सर्रास छापलेले असते आणि समाजमाध्यमांवर इंग्रजीच्या चुका काढणारी मंडळी त्यावर ठरलेला विनोद करतात : पास आउट होणे म्हणजे बेशुद्ध पडणे, मग असले उमेदवार हवेत कशाला? हा विनोद अर्धवट माहितीवर उभा आहे. ब्रिटिश लष्करी इंग्रजीत प्रशिक्षण पुरे करून संस्थेतून बाहेर पडण्याला हेच क्रियापद रूढ आहे. आपण ज्याला दीक्षान्त संचलन म्हणतो, ती ‘पासिंग आउट परेड’ त्यातूनच आली. ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, तेव्हा त्या ‘पास आउट’ झाल्या असे लिहिणे लंडनच्या वाचकालाही खटकले नसते. आपण तो वापर छावणीतून महाविद्यालयात आणला, इतकेच. (उन्हात फार वेळ ताठ उभे राहून पायांत रक्त साचले आणि एखादा कॅडेट भोवळ येऊन कोसळला, तर तोही ‘पास आउट’च, म्हणजे दोन्ही अर्थ एकाच मैदानावर.)

पंचाईत होते ती परदेशी अर्ज करताना. ‘आय पास्ड आउट इन २०२३’ हे वाक्य वाचून अमेरिकी माणसाच्या डोळ्यांपुढे शुद्ध हरपलेला किंवा दारू जास्त होऊन आडवा झालेला मुलगाच येईल. तिथे ‘ग्रॅज्युएटेड’ लिहावे. शिवाय ‘पास आउट द पेपर्स’ म्हणजे कागद वाटणे हा तिसरा अर्थ आहेच. त्यात कर्म मध्ये घालता येते, सर्वनाम असेल तर घालावेच लागते, म्हणून ‘पास देम आउट’ बरोबर आणि ‘पास आउट देम’ चूक. बेशुद्ध पडण्याच्या अर्थी मात्र कर्मच नसते. शिकवणीवर्गांतून अशा क्रियापदांची एकेका अर्थासह यादी पाठ करून घेतात, तीत हा फरक कुठून येणार?

मराठी जाहिरातींपुरते बोलायचे, तर ‘२०२५ मध्ये उत्तीर्ण’ असे स्वच्छ छापावे. निदान एटीकेटी शिल्लक असलेल्यांनी अर्ज करायचा की नाही, हे तरी त्यांना कळेल.

आपला,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक, पुणे