हेवन्स गेट एकदा पूर्ण बघ

प्रिय मित्रा,

परवा फोनवर हेवन्स गेटचा विषय निघाला तेव्हा तू म्हणलास "तो कंपनी बुडवणारा पिक्चर ना, वीस मिनिटात बंद केला मी", आणि तेवढ्यात तुझं स्टेशन आलं, विषय तिथेच राहिला. माझ्या डोक्यातून मात्र जाईना, म्हणून लिहायला बसलोय, लांबलं तर चालवून घे.

आधी तुझी बाजू सगळी मान्य. दिग्दर्शक मायकेल चिमिनोला आधीच्या द डीअर हंटरसाठी ऑस्कर मिळालं, म्हणून युनायटेड आर्टिस्ट्स ह्या पिक्चर कंपनीनं मोकळं रान दिलं, आणि सव्वा कोटी डॉलरच्या आत व्हायचा पिक्चर साडेचार कोटींच्या जवळ गेला. बांधून झालेला अख्खा रस्ता अरुंद वाटतोय म्हणून पाडून परत बांधायला लावला. नोव्हेंबर १९८० ला न्यूयॉर्कमध्ये लागला, साडेतीन तासांच्या वर, टीकाकारांनी पार सालटी काढली, आठवड्याभरात उतरवला. मग १९८१ च्या एप्रिलमध्ये तासाभराहून जास्त कापून परत लावला तरी कोणी फिरकलं नाही, अमेरिकेतली कमाई जेमतेम पस्तीस लाख डॉलर. त्याच वर्षी युनायटेड आर्टिस्ट्स एमजीएम ह्या दुसऱ्या कंपनीला विकली गेली.

पण मला सांग, एखाद्या लग्नात सगळे नुसता खर्चच मोजत बसावेत आणि नवरा-नवरीकडे कोणी बघूच नये, तसंच झालं ना हे?

मी बघितला तो पूर्ण, २१६ मिनिटांचा. त्यात हॉलमधला स्केटिंगचा सीन आहे, त्या हॉलचंच नाव हेवन्स गेट. एक पोरगेलासा फिडलवाला पायात स्केट्स घालून वाजवत वाजवत गोल फिरतो (डेव्हिड मॅन्सफील्ड तो, पिक्चरचं संगीतही त्याचंच), मग गावातले सगळे त्याच्या मागे, लाकडी फरशीचा दणदणाट, पूर्व युरोपातून आलेली फाटकी माणसं, दिवसभर चिखलात राबणारी, आणि इथे हसतायत, पडतायत, एकमेकांना उठवतायत. विल्मोस झिगमंडच्या कॅमेऱ्यात सगळं धुरकट सोनेरी दिसतं. सीन लांब आहे, खूप लांब, मलाही पहिल्यांदा वाटलं किती वेळ नाचणार आहेत ही लोकं.

आणि मग पुढे ह्याच हॉलमध्ये, ह्याच फरशीवर, नायक झालेला क्रिस क्रिस्टॉफरसन उभा राहून यादी वाचतो. गुरांच्या बड्या मालकांनी मारायला काढलेल्या १२५ जणांची यादी. एकेक नाव येतं आणि गर्दीतून कोणी ओरडतं, कोणी रडतं, कोणाच्या भाषेत काय चाललंय कळत नाही पण कळायची गरजच पडत नाही, कारण ह्या माणसांना आपण मघाशी नाचताना बघितलेलं असतं रे! तो स्केटिंगचा सीन आखडता घेतला असता तर ही यादी म्हणजे नुसता कागद झाला असता. पैसा गेला तो इथे गेला, गर्दीवर. बाकीच्या वेस्टर्नमध्ये, म्हणजे काउबॉयच्या पिक्चरमध्ये, सगळा थाट एका घोडेस्वारासाठी असतो आणि गावकरी मागे पडद्यासारखे उभे, इथे तो थाट गरिबांच्या वाट्याला आलाय, आणि मला वाटतं हीच त्याची सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

वायोमिंगमधलं जॉन्सन काउंटीचं हे प्रकरण खरंच घडलंय, १८९२ साली. मालकांच्या संघटनेनं टेक्सासहून भाडोत्री बंदूकवाले आणले, नेट चॅम्पियन नावाच्या एका छोट्या गुरेवाल्याला केबिनमध्ये घेरलं, केबिन पेटवून दिली, आणि तो शेवटपर्यंत वहीत लिहीत होता. पिक्चरमध्ये क्रिस्टोफर वॉकन तो करतो, भिंतींना वर्तमानपत्रं चिकटवून घर सजवतो, आणि तीच केबिन पेटते. चिमिनोनं इतिहास बराच वाकवलाय हेही खरं, म्हणजे खरा चॅम्पियन मालकांच्या विरोधातलाच होता, इथे आधी त्यांच्यासाठी काम करताना दाखवलाय, आणि शेवटच्या एवढ्या मोठ्या लढाईत मरतात तेवढी माणसं प्रत्यक्षात मेलीच नाहीत. प्राण्यांचे हाल झाले त्याला तर माफीच नाही, खऱ्या कोंबड्यांच्या झुंजी लावल्या, ते मी कधीच सांभाळून घेणार नाही.

पण म्हणून सगळाच टाकाऊ? २०१२ ला दुरुस्त केलेली प्रिंट व्हेनिसच्या महोत्सवात दाखवली तेव्हा लोकांनी मनापासून दाद दिली, चिमिनो स्वतः हजर होता, त्याच्या हयातीत हे झालं ह्याचं मला फार बरं वाटतं. २०१६ ला गेला तो.

तर आता येत्या रविवारी बस. सबटायटल लाव, गर्दीत डायलॉग नीट ऐकू येत नाहीत, हा दोष आहेच. सुरुवातीचा हार्वर्डचा वॉल्ट्झ तू बघितलायस, गोल गोल नाचणारी ती पोरं लक्षात ठेव फक्त, पुढे स्केटिंगही गोल आहे आणि शेवटची लढाईसुद्धा गोलच, धुळीत. यादी वाचून झाली की तिथेच थांबव आणि मला फोन कर, कितीही वाजलेले असू देत.

तुझाच