मुंबईचे आंदण आणि थेम्सवरचा सोहळा

महोदय,

मुंबई बेट इंग्रजांच्या राजाला आंदण मिळाले, ही गोष्ट आपल्याकडे शाळेपासून सांगितली जाते आणि तिथेच थांबते. ज्या पोर्तुगीज राजकन्येच्या विवाहकरारात हे आंदण ठरले, त्या कॅथरिनला लंडनने कसे सामोरे जाऊन आणले, हेही मुंबईकरांना ठाऊक असायला हवे. २३ ऑगस्ट १६६२ रोजी इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि ती हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यातून थेम्स नदीमार्गे लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यात आले. त्या काळचा प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युअल पेपिस याने बँक्वेटिंग हाउस या तिथल्या मेजवानीगृहाच्या गच्चीवरून तो सोहळा पाहिला आणि रोजनिशीत नोंदवले की, त्याच्या अंदाजाने दहा हजार नावांच्या दाटीत पाणी दिसेना आणि छत्राखालचे राजाराणीही ओळखू येईनात. मुंबई तेव्हा पोर्तुगीजांकडेच होती. इंग्रजांना तिचा ताबा मिळायला १६६५ साल उजाडले.

अशा सोहळ्यांना निव्वळ डामडौल म्हणून निकालात काढणे मला पटत नाही. त्या काळी लंडन शहरात नदीवर एकच पूल होता, रस्ते अरुंद होते आणि बहुतेक राजवाडे नदीकाठी होते. त्यामुळे थेम्स हाच खरा राजमार्ग होता. १५३३ मध्ये आठव्या हेन्रीची राणी अ‍ॅन बुलिन राज्याभिषेकासाठी ग्रीनिचहून टॉवर ऑफ लंडन या किल्ल्याला नावेतूनच गेली आणि १६०३ मध्ये पहिल्या एलिझाबेथचे पार्थिवही रिचमंडहून व्हाइटहॉलला नदीतूनच आणले गेले. व्यापारी आणि कारागीर यांचे संघ आपापल्या सजवलेल्या नावा घेऊन मिरवणुकीत उतरत, तेव्हा राजाला मान देता देता शहराची ऐपतही त्याच्या नजरेस आणून देत. हे राजकारणच होते, आणि ते तोलले जात होते वल्हेकऱ्यांच्या मनगटांवर, ज्यांची दखल इतिहासलेखनात क्वचितच घेतली जाते.

१७५० मध्ये वेस्टमिन्स्टरचा पूल खुला झाला, पुढे आणखी पूल बांधले गेले आणि नदीचे हे महत्त्व ओसरले. लंडनच्या लॉर्ड मेयरची वार्षिक मिरवणूकही १८५६ नंतर पाण्यावरून निघाली नाही. २०१२ मध्ये दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवानिमित्त साडेसहाशेहून अधिक नावा थेम्सवर पुन्हा उतरल्या खऱ्या, पण तो आठवणीचा उत्सव होता, गरजेचा नव्हे.

आपल्या दैनिकात मुंबईच्या इतिहासावर लेखन येते, त्यात या बाजूचाही समावेश व्हावा, ही विनंती. लंडनला जाणाऱ्या वाचकांनी ग्रीनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये युवराज फ्रेडरिकसाठी १७३२ साली बांधलेली, २१ वल्हेकऱ्यांची सोनेरी नाव अवश्य पाहावी.

आपला,
एक वाचक, ठाणे