डिसेंबरात पोरांना घेऊन जायचं तरी कुठं?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर लागला की जिथं बघावं तिथं "गोव्यात या" चालू होतं. पार्ट्या, क्रूझ, नाईट मार्केट, कुठल्या बीचवर कुठला डीजे. ठीक आहे, बाहेरची माणसं येतात त्यावर कितीतरी घरं चालतात, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण नाताळच्या सुट्टीत घरात धुडगूस घालणाऱ्या आमच्या चार आणि सात वर्षांच्या पोरांना घेऊन कुठं जायचं ते मात्र कोणीच सांगत नाही. मग शेवटी मॉल. तिथं ते रंगीत बॉलवालं खेळायचं, फूड कोर्टात बटाट्याचे चिप्स, आणि परत येताना गाडीत रडारड कारण अजून खेळायचं होतं. थोडे पैसे असले की लोक थेट मुंबईच्या बाजूला थीम पार्कात जातात आणि तिथं तीन फूट उंचीच्या पोराला अर्ध्या राईड्सवर घेतच नाहीत.

मी डिचोलीची. नोकरी करते, नवऱ्याला रविवारीच सुट्टी, घरात सासूबाई आहेत ज्यांना फिरायला आमच्यापेक्षा जास्त हौस. त्यामुळं गेली काही वर्षं आम्ही थंडीत जवळपासच फिरतोय आणि माझं मत असं झालंय की लहान मुलांसाठी आपल्याकडं भरपूर आहे, फक्त ते पर्यटकांच्या यादीत नाही म्हणून आपल्या पण डोक्यात येत नाही.

पहिली गोष्ट वेळेची. आपली थंडी म्हणजे खरं तर फक्त सकाळ. पहाटे 20-21 डिग्री आणि दुपारी तोच पारा 32-33 वर. सकाळी माकडटोपी, स्वेटर, मोजे घालून गुंडाळलेलं पोर दहा वाजता घामानं निथळत असतं (आमच्याकडं 21 डिग्रीला सुद्धा आज्या पोरांना काश्मीरला निघाल्यासारखं तयार करतात, आमच्या घरात पण तेच). म्हणून नियम एकच, सातला घर सोडायचं आणि अकराला परतायचं. एका दिवशी एकच ठिकाण. एकाच दिवसात देऊळ पण, बीच पण, जेवण पण असं केलं की तिसऱ्या ठिकाणी आईबाप भांडतात आणि पोरं झोपतात.

आमच्या घरातलं एक नंबरचं ठिकाण म्हणजे चोडण बेट. डिचोलीकरांना मयेच्या बाजूनं सरळ रस्ता आहे, पण पोरांसाठी खरी मजा फेरीबोटीचीच, त्यामुळं आम्ही गाडी चोडणला ठेवून उगाचच रायबंदरला फेरीनं जाऊन परत येतो. साध्या फेरीत पायी जाणाऱ्याला तिकीट नाही, म्हणजे मांडवीवरची बोटीची सैर फुकट. चार वर्षांच्या पोराला त्या फेरीचा पुढचा लोखंडी दरवाजा खाली येतो तो आवाज, गाड्या उतरायची घाई, खाली पाण्यात वाहून जाणारी पानं, एवढं बास होतं. रायबंदरच्या बाजूनं पणजीला जाणारा जो जुना बांध आहे, पोर्तुगीजांनी 17 व्या शतकात बांधलेला, त्याच्या कडेनं मिठागरं आहेत आणि सकाळी तिथं पांढरे बगळे अगदी रस्त्यावरून दिसतात, गाडीतून उतरायची पण गरज नाही.

मग चोडणलाच सलीम अली पक्षी अभयारण्य. सगळं मिळून 1.78 चौरस किलोमीटर, म्हणजे लहान पायांना झेपेल एवढंच. खारफुटीतनं बांधलेली वाट आहे. पण तिथं जाताना लोक एक गोष्ट बघतच नाहीत ती म्हणजे ओहोटी. भरतीला गेलात तर नुसतं पाणी आणि झाडं, पोरं दहा मिनिटांत कंटाळतात. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि मग खरा सिनेमा सुरू, चिखलावरून टुणटुण उड्या मारत जाणारे मासे, एकच नांगी मोठी असलेले छोटे खेकडे जे ती नांगी वर-खाली हलवत असतात, आणि जमिनीतून वर आलेली झाडांची मुळं. मुळं वर का आली हे सांगितलं की, म्हणजे चिखलात हवा नसते म्हणून झाड तिथनं श्वास घेतं, की माझी मोठी मुलगी नाक दाबून बघते किती वेळ राहता येतं. खंड्या दिसतो, घारी दिसतात. पक्ष्यांची नावं सगळी यायलाच पाहिजेत असं काही नाही, दुर्बिण नसली तरी चालते. मात्र डास आहेत, पूर्ण पँट घाला आणि ओडोमॉस विसरू नका.

करमळीचं तळं पण असंच, रेल्वे स्टेशनच्या अगदी जवळ. थंडीत अडई बदकांचे थवे उतरतात, शिवाय मधेच कोकण रेल्वेची गाडी जाते त्यामुळं ज्याला पक्षी आवडत नाहीत त्याला पण काहीतरी मिळतं.

आता समुद्र. बीच म्हटलं की आपल्याला गर्दी आठवते, आणि 25 डिसेंबर ते 1 जानेवारी कळंगुट-बागा पट्ट्यात लहान मूल घेऊन जाणं म्हणजे ट्रॅफिकमध्ये दोन तास आणि वाळूत वीस मिनिटं, ते नकोच. पण सकाळी सातला बाणावली, कोलवा किंवा पेडण्याच्या बाजूला मोरजीला गेलात आणि नशिबानं रापण चालू असेल तर पोरांना दुसरं काही दाखवायची गरज नाही. होडी अर्धगोल फिरून जाळं टाकून येते, त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि दोन्हीकडं माणसं रांगेनं दोर ओढत हळूहळू जवळ येत जातात. विचारून घेतलं तर पोरांना पण मागच्या टोकाला धरू देतात, ओढतात ते काय, लोंबकळतात, पण घरी येऊन सांगतात की आम्ही मासे पकडले. जाळं वर आलं की तारले, बांगडे, कुर्ल्या, मधेच एखादा जेलीफिश. जेलीफिशला हात लावू द्यायचा नाही, वाळूत मेलेला दिसला तरी. ट्रॉलर आल्यापासून रापण कमी झाली हे आपण सगळे जाणतो, त्यामुळं पोरांना बघायला मिळतेय तोवर दाखवून घ्यावी असं मला वाटतं. आणि तिथंच ताजे बांगडे घेऊन या, दुपारचं जेवण पण सुटलं.

पाण्यात उतरायचं असेल तर लाल-पिवळे झेंडे जिथं लावलेत त्यांच्या मधेच, जीवरक्षक ड्यूटीवर असतानाच, आणि घोट्याच्या वर पाणी नको. नुसता लाल झेंडा असेल तर विषय संपला. थंडीत समुद्र शांत दिसतो म्हणून लोक बिनधास्त होतात, पण लहान मुलाला गुडघाभर लाट पण पाडते.

मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथं ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, साधारण नोव्हेंबर ते मार्च. कासव रात्री येतं त्यामुळं पोरांना ते दिसेल अशी आशा लावू नका, आमच्या घरी त्यावरून मोठा तमाशा झालेला. पण वनखात्यानं जाळी लावून राखलेली घरटी दिवसा दिसतात आणि तिथला माणूस मोकळा असला तर किती अंडी, पिल्लं कधी बाहेर येतील (दीड-दोन महिने लागतात) असं छान सांगतो. "वाळूच्या आत आत्ता बाळं आहेत" हे ऐकून पोरं जी गप्प उभी राहतात ती शाळेत बाईंसमोर पण राहत नसतील. टॉर्च, मोबाईलचा फ्लॅश तेवढा नको.

डोंगराच्या बाजूचं म्हणाल तर बोंडला. गुरुवारी बंद असतं, हे आधी सांगते कारण लोक हमखास त्याच दिवशी जातात. आठ चौरस किलोमीटरचं छोटंसं अभयारण्य, आत प्राणीसंग्रहालय आहे, गवा बघायला मिळतो. गवा आपला राज्यप्राणी आहे हे मुलांना पाठ असतं पण तो केवढा दांडगा असतो ते समोर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. तांबडी सुर्ला पण थंडीतच करावं, पावसात तिकडं जळवा. कदंबांच्या काळातलं महादेवाचं काळ्या दगडाचं देऊळ, शेजारी ओढा, थंडीत पाणी कमी झालेलं असतं तेव्हा काठावर बसून पाय बुडवता येतात. हरवळ्याच्या गुहा आमच्या तर दाराशीच, लहान आहेत त्यामुळं पोरांना आत-बाहेर करायला बऱ्या, मात्र शेजारच्या धबधब्याच्या कुंडाकडं हात सोडायचा नाही, तिथं बुडून माणसं गेलेली आहेत. दुधसागर मात्र पाच वर्षांखालच्यांना नकोच असं माझं स्पष्ट मत, जीपमध्ये हाडं खिळखिळी होतात आणि वर जाऊन परत दगडांवरून चालायचं.

दुपार काढायची असेल तर मिरामारचं सायन्स सेंटर, सगळ्या गोष्टींना हात लावता येतो. बोगमाळोचं नौदलाचं विमान संग्रहालय, सोमवारी बंद, बाहेर खरीखुरी विमानं उभी आहेत आणि विमानवेड्या पोराला तिथनं ओढूनच काढावं लागतं. पणजीत पाटोवरची सेंट्रल लायब्ररी, 1832 सालची संस्था, तिथं मुलांचा वेगळा विभाग आहे, एसी आहे आणि टॉयलेट स्वच्छ. हे शेवटचं मी मुद्दाम लिहितेय, पुढं येते त्यावर.

आणि आपल्या जत्रा! साखळीला विठ्ठलापुरात त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटी नदीत सजवलेल्या होड्या सोडतात, आधी घरी केळीच्या सोपाची छोटी होडी करून त्यात पणती लावायची, ती बादलीत सोडून बघायची आणि मग तिथं जायचं, पोरांना दोन दिवसांचा उद्योग मिळतो. म्हापशाची बोडगेश्वराची जत्रा पौषात, पाळणे, खाजं, प्लास्टिकच्या बंदुका. लहान मुलं असतील तर संध्याकाळी पाचला जा आणि साडेसातला निघा, त्यानंतर माणूस माणसाला दिसत नाही. खिशात आपला मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी टाकून ठेवा. पौषातच गावागावांत मांडावर, म्हणजे गावच्या ठरलेल्या अंगणात, बायकांचे धालो असतात. आमच्या सासूबाई दोन्ही नातवंडांना घेऊन जातात, बायका समोरासमोर रांगा करून गातात, नाचतात, धाकटा अर्ध्या तासात मांडीवर झोपतो, मोठी मात्र आता रांगेत शिरते. त्याला एक रुपया लागत नाही.

काहीच नको असेल तर घरामागं पालापाचोळा पेटवून त्यात कणगी (रताळ्यासारखे कंद) भाजा. तेवढ्यावर पण एक संध्याकाळ निघते.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं. ही सगळी ठिकाणं चांगली आहेत पण तिथं लहान मूल येणार आहे असा विचार करून काहीच केलेलं नसतं. एका ठिकाणी आम्ही गेलो, तिकीट घेतलं, आत टॉयलेटला कुलूप आणि चावी ज्याच्याकडं तो जेवायला गेलेला. चार वर्षांच्या पोराला "थांब हं काका जेवून येतील" असं सांगून बघा. दुसरीकडं टॉयलेट होतं पण नळाला पाणी नाही. अंगावर पिणारं बाळ असेल तर आईनं गाडीत काचा वर करून बसायचं, दुसरी सोय नाही. बाक आहेत ते उन्हात. करोडो रुपयांचे सुशोभीकरणाचे बोर्ड आपण वाचतो, सेल्फी पॉइंट तर प्रत्येक वळणावर झालेत, त्यातल्या एका सेल्फी पॉइंटच्या खर्चात एक धड टॉयलेट, एक नळ आणि सावलीतला एक बाक नाही का होणार?

ज्या ज्या खात्यांकडं ही ठिकाणं आहेत त्यांनी निदान एवढं करावं. चोडणला गेटवर आणि रायबंदरच्या धक्क्यावर त्या आठवड्याच्या भरती-ओहोटीच्या वेळा मोठ्या अक्षरात लावाव्यात, खडूनं फळ्यावर लिहिल्या तरी चालतील. ज्यांच्याकडं गाडी नाही त्यांच्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी रविवारी सकाळी फोंड्याहून बोंडल्याला एक बस आणि अकराला तीच परत, एवढं झालं तरी कितीतरी घरं बाहेर पडतील. स्वतःची गाडी नाही म्हणून पोरानं गवा पुस्तकातच बघायचा हे बरोबर नाही.

आणि संपादकसाहेब, तुम्हाला पण एक विनंती. शुक्रवारच्या अंकात एक छोटा चौकोन द्या. त्या रविवारची ओहोटी किती वाजता, कुठं जत्रा आहे, कुठलं ठिकाण कुठल्या वारी बंद, बस. बाकी वाचकच लिहितील. काणकोण, केपे, सांगेच्या बाजूच्या आईबाबांनी तर जरूर लिहावं, आणि जागेचं वर्णन करायच्या आधी टॉयलेट कुठं आहे ते सांगावं.

आपली नम्र,
दोन मुलांची आई,
डिचोली