पपा, सिनेमाविषयी थोडं

प्रिय आई-पपा,

प्रभूच्या नावात सलाम.

आमच्या चर्चच्या मंडळीतली तरुण मुलं महिन्यातून एकदा हॉलमध्ये सिनेमा पाहतात आणि मग त्यावर बोलतात, हे आईकडून कळल्यावर पपा, तुम्ही फोनवर एवढंच म्हणालात, "देवाच्या घरात हे कशाला?" तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय.

पपा, गोष्टीचं वेड मला तुमच्या कीर्तनाने लावलं. उधळ्या पुत्राचं आख्यान आठवा. बापाचा पैसा उधळून धाकटा घरी आला, वासरू कापलं, गाणंबजावणं सुरू झालं की मांडव खूश. मग थोरला रुसून बाहेर उभा राहायचा आणि तुम्ही चिपळ्या थांबवायचात. बाप त्याची समजूत घालायला बाहेर येतो. पण थोरला आत गेला का, हे शुभवर्तमानात लूकने लिहिलेलंच नाही, आणि तुम्हीही कधी सांगितलं नाहीत. भावकीत बोलणं बंद असलेली माणसं त्या वेळी मान खाली घालायची. उपदेशाने ती मान खाली गेली नसती.

दावीद राजाने दुसऱ्याची बायको घेतली तेव्हा नाथान संदेष्ट्यानेही तेच केलं. राजाला तोंडावर पापी म्हणायची कुणाची छाती होती? त्याने गरिबाच्या एकुलत्या एका कोकरीची गोष्ट सांगितली, दावीद संतापला, आणि मग त्याला कळलं की आपण स्वतःवरच संतापलोय.

सिनेमा माझ्यासाठी हेच करतो. सगळे नाही, बरेचसे पाहण्याच्या लायकीचेही नसतात. पण १९८७ चा 'बॅबेट्स फीस्ट' हा डॅनिश चित्रपट घ्या. जटलंडच्या किनाऱ्यावरचं खेडं, एका दिवंगत पाळकाच्या दोन म्हाताऱ्या मुली, आणि जुनी भांडणं उकरत बसलेली त्यांची छोटीशी मंडळी. पॅरिसच्या दंगलीतून जीव वाचवून आलेली बॅबेट त्यांच्याकडे स्वयंपाकाला असते. तिला लॉटरीत दहा हजार फ्रँक लागतात आणि ती सगळेच्या सगळे एका जेवणावर खर्च करते. मंडळी आधीच ठरवून येते, जेवणाविषयी चकार शब्द काढायचा नाही. तरी वाढप होत जातं तसे चेहरे सैल होतात, एकमेकांना फसवलेले दोघे म्हातारे हसत एकमेकांना माफ करतात. आई, त्या वेळी मला प्रभुभोजन आठवलं, आपण मंडळीत भाकर आणि द्राक्षारस वाटून घेतो ते. कृपा अशीच येते ना, आपली लायकी न बघता?

आणखी एक. दादासाहेब फाळक्यांनी १९१०-११ च्या सुमारास गिरगावात ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिला, आणि तो बघताना त्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहिले. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. मला यात काही वावगं वाटत नाही. पवित्र ते डोळ्यांनी पाहावं ही भूक फार जुनी आहे. प्रभू पुन्हा उठला तेव्हा त्याचा शिष्य थोमा, त्यालाही जखमा बघायच्याच होत्या, आणि प्रभूने त्या दाखवल्या. शब्द देही झाला, म्हणजे देव माणूस झाला, हे तर आपल्या विश्वासाचं मूळच.

नाताळला येतेय, 'बॅबेट्स फीस्ट' दाखवायला लॅपटॉप आणते. खाली पाट्या इंग्रजीत आहेत, म्हणून मध्ये मध्ये थांबवून मी मराठीत सांगेन. आईला स्वयंपाकघरातले प्रसंग आवडतील. पपा, शेवटपर्यंत बघा आणि मग जे वाटेल ते बोला. मंडळीतल्या मुलांना मी तुमचं म्हणणं जसंच्या तसं सांगणार आहे.

आईच्या गुडघ्याला तेल लावणं चालू ठेवा.

तुमची लाडकी,
बेबी