तिच्या हातातला दगड

पुणे,
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू विचारलंस, महिनाभर घरात पडून काय काय पाहिलंस? मी 'बरंच काही' म्हणालो आणि तुझ्या मुलीच्या परीक्षेवर घसरलो. खरं तर त्या दुपारीच एक सिनेमा पाहून संपवला होता आणि त्यावर बोलायला गेलो असतो तर घसा दाटून आला असता. आज घरातले सगळे झोपलेत, गुडघा ठणकतोय, झोप काही येत नाही. तेव्हा सविस्तर लिहितो.

ऑपरेशननंतर पहिल्यांदा लावला तो 'संत तुकाराम'. प्रभातचा, दामले-फत्तेलालांचा, १९३६ सालचा. कॉलेजात असताना फिल्म अर्काइव्हमध्ये आपण तो एकत्र पाहिला होता. बाहेर पडल्यावर लॉ कॉलेज रोडवर चहा घेत तू विष्णुपंत पागनिसांच्या डोळ्यांवर तासभर बोलत होतास. 'आधी बीज एकले' हा तुकोबांचा अभंग नसून शांताराम आठवल्यांची रचना आहे, असं मी म्हणालो तेव्हा तू पैज लावलीस आणि हरलास. त्या काळी मला सिनेमा म्हणजे पागनिसच वाटले होते. तो चेहरा आहेच तसा. अभिनय करतोय असं क्षणभरही वाटत नाही.

या वेळी मात्र नजर जिजाईवरून हटेना. गौरी नावाच्या नटीनं ती केली आहे. घरात दाणा नाही, पोरगा आजारी, नवरा मिळेल ते वाटून मोकळा होणारा. एका हातानं पोराला धरून ती देवळात शिरते आणि दुसऱ्या हातात असते चप्पल. थेट विठोबावर उगारलेली. नव्वद वर्षांपूर्वीच्या भक्तिपटात देवावर चप्पल उगारणारी बाई! आणि लोकांनी तिच्यावर दात-ओठ खाल्ले नाहीत. मुंबईच्या सेंट्रल थिएटरात सिनेमा वर्षाहून जास्त चालला. मला वाटतं, बघणाऱ्या प्रत्येकीला ती घरातलीच वाटली असणार. विठोबाशी तिचं नातं तुकोबांपेक्षा कमी जवळचं नाही, रे. ज्याच्यावर हक्क वाटतो त्याच्यावरच माणूस असा हात उगारतो. शेवटी विमान येतं, नवरा सदेह वैकुंठाला निघतो, तेव्हाही ही घरातल्या कामातच. वीस-बाविसाव्या वर्षी आपण तिला कजाग म्हणून हसलो होतो. ते हसणं आता घशात अडकलं.

मध्ये दोन नवे मारधाडीचे सिनेमे पाहिले. डोकं दुखलं. त्यांच्याबद्दल काही लिहीत नाही.

मग 'फँड्री' पुन्हा लावला, जब्या नावाच्या पोराचा आणि गावातली डुकरं धरावी लागणाऱ्या त्याच्या घराचा. आल्या आल्या पाहिला होता, २०१४ मध्ये. तेव्हा जब्यानं शेवटी आपल्याच दिशेनं भिरकावलेल्या दगडानं सगळ्यांसारखाच मीही गप्प झालो होतो. आता दगड येणार हे माहीत होतं, म्हणून त्याआधीचं सगळं नीट पाहता आलं. डुकरामागे धावणारं ते कुटुंब, आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं तसे जागच्या जागी थबकलेले बाप आणि पोर. डुक्कर समोरून निसटून जातंय आणि ही माणसं ताठ उभी. पुढे तेच डुक्कर काठीला बांधून खांद्यावरून नेताना मागच्या भिंतीवर बाबासाहेब आणि सावित्रीबाई. नागराज मंजुळे त्यावर एक शब्द बोलत नाही. कॅमेरा फक्त त्यांच्याबरोबर चालतो. किशोर कदमच्या कचरूचा वाकलेला पाठीचा कणा बघ एकदा. हा माणूस बोलतो तेव्हासुद्धा मान खालीच ठेवून बोलतो. जब्याची आई झालेली छाया कदम तेव्हा माझ्या फारशी लक्षात राहिली नव्हती. ती लक्षात ठेव. तिच्यासाठीच हे सगळं सांगतोय.

कारण त्यानंतर पाहिला 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'. पायल कपाडियाचा. २०२४ मध्ये कान महोत्सवात ग्राँ प्री मिळाली तेव्हा पेपरात वाचलं होतं, तीस वर्षांनी भारतीय सिनेमा तिथं मुख्य स्पर्धेत गेला वगैरे. थिएटरला लागला तेव्हा जाणं झालं नाही. मुंबईतल्या इस्पितळात काम करणाऱ्या तीन बायका. दोघी केरळच्या नर्स आणि तिसरी तिथल्या स्वयंपाकघरातली पार्वती, आपल्या रत्नागिरीकडची. ती पार्वती म्हणजे छाया कदम. एका नर्सचा नवरा जर्मनीत. त्याचा फोन येत नाही, पत्र येत नाही, आणि एक दिवस लालभडक राइस कुकर येतो. पाठवणाऱ्याचं नाव नाही. रात्री ती तो कुकर ओढून घेते आणि जमिनीवर बसून त्याला मिठी मारते. एवढंच. मी तो तुकडा तीनदा मागे नेऊन पाहिला.

पण मला मोडलं ते पार्वतीनं. नवरा गिरणीत होता, आता नाही. चाळ पाडून टॉवर होणार, आणि राहत्या घराचा एकही कागद तिच्या नावाचा नाही. ती वकिलाकडे जाते, सभेला जाते, काही होत नाही. मग एका रात्री ती आणि तिची मैत्रीण बिल्डरच्या भल्यामोठ्या होर्डिंगवर दगड मारतात. मारतात आणि हसतात. 'फँड्री'त जिच्या पोरानं आपल्या दिशेनं दगड भिरकावला होता, तीच बाई दहा वर्षांनी स्वतः दगड उचलते आहे, असं मला वाटलं. दोन्ही सिनेमांचा एकमेकांशी संबंध नाही, मला माहीत आहे. तरी वाटलं.

आणि मला लालबागची आत्या दिसली.

तुला ती आठवतेच. इंटरव्ह्यूसाठी मुंबईला गेलास तेव्हा चार दिवस तिच्या खोलीत राहिलास, तिनं तुला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी घातली, निघताना हातावर दही ठेवलं. दहा बाय बाराची खोली, पोटमाळा, दारासमोर सामाईक गॅलरी. तिचे मिस्टर गिरणीत बारा महिने रात्रपाळी करायचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात तेही. परत कामावर गेलेच नाहीत. आत्यानं त्याच खोलीत पंधरा-वीस माणसांची खाणावळ चालवून घर ओढलं.

चाळ पाडायची ठरली तेव्हा ती एकटी होती. मी मुद्दाम पुण्याहून गेलो होतो. तिनं फळीवरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि लादीवर सगळे कागद मांडले. पिवळ्या पडलेल्या भाडेपावत्या एका दोऱ्यात ओवलेल्या, गिरणीचा पास, लाइटबिलं, रेशनकार्ड, त्यांच्या फोटोची एक कापलेली प्रत. प्रत्येक कागद पदरानं पुसून ती एकेक करून ठेवत होती, पत्ते लावावेत तशी. बिल्डरचा माणूस खुर्चीत बसला होता. तरुण होता, आवाज चढवला नाही त्यानं. सगळं पाहून झाल्यावर म्हणाला, "आजी, यात तुमचं नाव कुठंय?" पावत्या होत्या चुलतसासऱ्यांच्या नावानं. ते जाऊन तीस वर्षं झाली होती.

आत्या काही बोलली नाही. ज्या क्रमानं काढले होते त्याच क्रमानं कागद परत डब्यात ठेवले. मी तिच्या शेजारीच बसलो होतो, बंड्या. चांगली नोकरी होती, ओळखी होत्या, अर्ज लिहिता येत होता. मी म्हणालो, "जाऊ दे आत्या, गावाला मोकळी हवा आहे." हे वाक्य मी बोललो. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि चहा टाकायला उठली. महिन्याभरात ती लांज्याला गेली. जे काही हातावर टेकवलं गेलं त्यात घराची कौलं बदलली.

सिनेमातली पार्वतीही शेवटी गावीच जाते. दोघी नर्स तिला पोचवायला येतात, समुद्र आहे, रात्र आहे, ती नाचते. तिथं मला रडू आलं. आत्याबरोबर सामान घेऊन जायला मी गेलो नव्हतो. टेम्पो ठरवून दिला होता फक्त.

ऑपरेशनच्या आधी थिएटरात पाहिलेला 'साबर बोंडं' या सगळ्यात पुन्हा पुन्हा आठवत राहिला. रोहन कानवडेचा, अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात ज्याला मोठं बक्षीस मिळालं तो. बाप गेल्यावर दहा दिवसांसाठी मुंबईहून गावी आलेला मुलगा, नातेवाइकांचं लग्नाचं टुमणं, आणि बाळपणीचा मित्र बाळ्या. दोन पुरुषांचं प्रेम आहे, आणि ते इतक्या हळुवारपणे उलगडतं की पाहताना आपणच आवाज करू नये असं वाटतं. त्यातल्या आईला सगळं माहीत आहे. ती मुलाची बाजू घेते ती भांडून नाही. लोकांसमोर दोन वाक्यं अशी टाकते की पोराला त्या दिवसापुरता श्वास घेता यावा. जिजाईच्या हातात चप्पल, पार्वतीच्या हातात दगड, आणि या बाईचे हात रिकामे. तरी ती मुलापुढे भिंतीसारखी उभी. त्या दिवशी लादीवर बसून मला एवढं तरी करता आलं असतं. 'थांबा, आम्ही वकिलाला विचारतो,' असं एक वाक्य. काही झालं नसतं कदाचित. पण आत्या एकटी पडली नसती.

आत्या गेल्यावर डबा माझ्याकडे आला. कपाटात वरच्या खणात आहे. काल बायकोकडून खाली काढून घेतला. पावत्यांचा दोरा अजून पक्का आहे. तळाशी तुझं पोस्टकार्ड सापडलं, नोकरी लागल्याचं कळवणारं. 'आत्यांस सा. न.' असं लिहिलंयस. तिनं ते घराच्या कागदांत ठेवलं होतं.

मे महिन्यात ये. तोवर मी चालायला लागेन. लांज्याला जाऊ, किल्ली माझ्याकडेच आहे. वहिनींना नमस्कार, पोरीला आशीर्वाद.

तुझा,
नाना

ता. क. साबर बोंडं, म्हणजे निवडुंगाची फळं, म्हटल्यावर तुमच्या गावचा बांध आठवला. फडक्यात धरून दगडावर घासून तू कुसं काढून द्यायचास, तरी माझ्या बोटात एखादं राहायचंच, आणि संध्याकाळी तुझी आई दिव्यापाशी बसून ते चिमट्यानं काढायची.