‘बाई, दहा ठिकाणी हेच लिहिलंय!’

संपादक महोदय,

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या आठवड्यात नववीच्या ४२ प्रकल्पवह्या तपासून संपवल्या. त्यातल्या जवळजवळ तीस वह्यांच्या शेवटच्या पानावर ‘संदर्भ : गूगल’ एवढंच लिहिलेलं होतं. एका वहीत विकिपीडियावरचा मजकूर सुवाच्य अक्षरात उतरवला होता. मथळ्याशेजारी चौकटी कंसात येणारा ‘संपादन’ हा शब्द आणि वाक्यांच्या शेवटी येणारे तळटीपांचे आकडेसुद्धा त्या मुलाने तसेच उतरवले होते. मजकूर न वाचता चार पानं लिहिता येतात, हे त्या वहीने मला दाखवलं. त्याचं अक्षर इतकं सुंदर होतं की मला जास्तच वाईट वाटलं.

मुलांना इंटरनेट वापरू देऊ नका, असं म्हणायला हे पत्र लिहीत नाही. उलट, ते कसं वापरायचं हे आपण त्यांना शिकवलेलंच नाही, ही माझी तक्रार आहे, आणि त्यात मी स्वतःलाही धरते. आपण विषय देतो, तारीख देतो, मुखपृष्ठ छान असावं असं सांगतो. माहिती शोधायची कशी आणि पारखायची कशी, यावर एक तासही घेत नाही.

एका मुलीचं उदाहरण सांगते. तिचा विषय होता मधमाशा. मुखपृष्ठावर आइन्स्टाईनचं चित्र आणि खाली त्याच्या नावावर वाक्य : मधमाशा नाहीशा झाल्या तर माणूस चार वर्षांत संपेल. आतल्या पहिल्याच ओळीत ‘जगातील ९० टक्के अन्न मधमाशांमुळे मिळते’. मी विचारलं, ‘हे तुला कुठे मिळालं?’ ती म्हणाली, ‘बाई, दहा ठिकाणी हेच लिहिलंय!’ तिच्या दृष्टीने हा भक्कम पुरावा होता. मी तिला मधल्या सुट्टीत संगणक कक्षात घेऊन बसले.

आधी आकडा घेतला. तिने पाहिलेल्या दहापैकी एकाही पानावर तो कुठून आला ते लिहिलेलं नव्हतं. वाक्यंही जवळपास सारखीच. म्हणजे साक्षीदार दहा नव्हतेच, एकाचंच नऊ जणांनी उचललेलं. मग आम्ही इंग्रजीतून शोधायला लागलो, कारण ‘परागीभवन’ हा शब्द टाकून मिळालेली बरीचशी पानं यंत्राने भाषांतर केलेली होती. शेवटी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०१० च्या एका अहवालाशी पोहोचलो. तिथे ९० चा आकडा होता, पण त्याचा अर्थ वेगळा होता : जगाचं ९० टक्के अन्न पुरवणाऱ्या सुमारे १०० पिकांपैकी ७० हून अधिक पिकांचं परागीभवन मधमाशा करतात. वाटेत कुणीतरी वाक्य आखडलं आणि ९० चा आकडा थेट मधमाशांना जाऊन चिकटला.

तिथेच थांबलो असतो तरी चाललं असतं, पण आता तिलाच राहवेना. गूगल स्कॉलरवर तिला २००७ चा एक शोधनिबंध सापडला, ‘प्रोसीडिंग्ज ऑफ द रॉयल सोसायटी बी’ या नियतकालिकातला. त्याच्या सारांशात लिहिलं आहे की जगातल्या ११५ प्रमुख अन्नपिकांपैकी ८७ पिकं प्राण्यांकडून होणाऱ्या परागीभवनावर अवलंबून आहेत. वजनाने पाहिलं तर मात्र अशा पिकांमधून एकूण उत्पादनाचा ३५ टक्के भाग येतो. ६० टक्के उत्पादन ज्या पिकांचं आहे त्यांना अशा परागीभवनाची गरज लागत नाही. गहू, तांदूळ, मका त्यातच मोडतात. ते वाक्य तिने तीनदा वाचलं आणि म्हणाली, ‘बाई, ३५ टक्के अन्न मधमाशांमुळे मिळतं असंही म्हणता येणार नाही. त्या पिकांमधून ३५ टक्के येतं. मधमाशा नसत्या तर त्यातलं थोडंफार तरी आलंच असतं. आणि इथे प्राणी लिहिलंय, नुसत्या मधमाशा नाही.’ इतक्या वर्षांच्या नोकरीत वर्गात ऐकलेल्या सर्वांत चांगल्या वाक्यांपैकी ते एक आहे. तो सारांश कुणालाही फुकट वाचता येतो. लागली ती फक्त पस्तीस मिनिटं आणि शेजारी बसलेलं कुणीतरी.

आइन्स्टाईनचं वाक्य तर त्याच्या लिखाणात किंवा भाषणांत अभ्यासकांना कुठेच सापडलेलं नाही. तो १९५५ मध्ये गेला. अमेरिकेत २००६ च्या अखेरीपासून मधमाश्यांच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर ओस पडू लागल्या, तेव्हा हे वाक्य जोरात फिरलं. मोठ्या माणसाचं नाव खाली असलं की आपण मूळ विचारत नाही. खरंतर असं वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधलं आणि सोबत ते कोणत्या पुस्तकातलं, कोणत्या पत्रातलं हे पाहायला गेलं, की पाच मिनिटांत शंका यायला लागते.

‘दहा ठिकाणी आहे’ यावर मी मुलांना आता कोआटी या प्राण्याची गोष्ट सांगते. २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याने विकिपीडियावर कोआटीला ‘ब्राझिलियन आर्डवार्क’ असंही म्हणतात, असं मनाने घातलं. ते नाव वर्तमानपत्रांनी उचललं. पुढे त्याच बातम्या विकिपीडियावर त्या नावाचा पुरावा म्हणून लागल्या! काही वर्षं हे चक्र चालू राहिलं. म्हणून विकिपीडिया वाईट, असं मी म्हणत नाही. विषयाची तोंडओळख करून घ्यायला त्याच्याइतकी सोयीची जागा नाही. फक्त तिथून तळटीपांकडे जायचं, तळटीप उघडायची आणि तिथे खरोखर तेच लिहिलंय का ते पाहायचं.

साइट पाहून ती विश्वासार्ह आहे का ते ओळखता येतं, हा आपला मोठ्यांचाही गैरसमज आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी १० इतिहासाचे अभ्यासक, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि २५ विद्यार्थी यांच्यासमोर अनोळखी साइट ठेवल्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला तो अभ्यास मला फार शिकवून गेला. विद्यार्थी आणि कित्येक इतिहासाचे अभ्यासकसुद्धा त्याच पानावर वरखाली फिरत राहिले, बोधचिन्ह, मांडणी, पत्ता बघत राहिले आणि फसले. तथ्य-तपासनीस मात्र क्षणभर थांबून पानाबाहेर पडले, नव्या टॅब उघडल्या आणि ही संस्था कोण, तिच्याबद्दल इतर काय म्हणतात हे आधी पाहिलं. अनोळखी माणसाची चौकशी आपण त्याच्याकडेच करत नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे करतो, तसंच हे.

आता चॅटबॉटही आले. यंदा एका मुलाने पाच संदर्भांची यादी आणली : लेखक, नियतकालिक, वर्ष, पृष्ठक्रमांक, सगळं नीटनेटकं. मी एकेक शोधत गेले तर तीन लेख अस्तित्वातच नव्हते. नियतकालिक खरं, पण त्या पानावर लेख भलताच. मुलाने फसवलं नव्हतं, त्याला ते खरंच वाटलं होतं. मी त्याला रागावले नाही, कारण २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, कधीच न झालेले खटले न्यायालयात दाखले म्हणून दिले होते आणि ५,००० डॉलरचा दंड ओढवून घेतला होता. ही यंत्रं शब्दामागून शोभेल असा शब्द जुळवत जातात. जुळलेलं खरं असेलच असं नाही. अवघड उतारा सोपा करून घ्यायला ती उपयोगी पडतात. संदर्भ मात्र प्रत्यक्ष उघडून पाहिल्याशिवाय वहीत येता कामा नये.

माझी शिक्षकांना विनंती आहे. प्रकल्पाच्या २० पैकी निदान ८ गुण ‘शोधाच्या नोंदी’ला द्या. एकच पान : कोणते शब्द टाकून शोधलं, काय मिळालं, दोन ठिकाणी काय जुळलं नाही, काय गाळलं आणि का. हे पान दुसऱ्याकडून करून घेता येत नाही आणि उतरवूनही काढता येत नाही. पालकांनो, रात्री जागून मुलांचं मुखपृष्ठ रंगवू नका. त्याऐवजी शेजारी बसून एवढंच विचारा, ‘हे कुणी लिहिलंय? कधी? त्याला कसं कळलं?’

आणि संपादक महोदय, एक विनंती आपल्यालाही. मुलं आपल्या अंकातली कात्रणं वहीत चिकटवतात. ‘एका संशोधनानुसार’ अशी बातमी छापताना ते संशोधन कोणत्या संस्थेचं, कोणत्या नियतकालिकातलं आणि कोणत्या वर्षीचं, एवढं कंसात छापाल का? गेल्या महिन्यात अशाच एका कात्रणाचं मूळ शोधताना आम्ही दोन तास घालवले आणि रिकाम्या हाताने उठलो.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका