रुग्ण मराठवाड्याचे, मग संशोधकही इथेच घडू द्या

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय, सविनय नमस्कार.

१९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक अभ्यास सुरू झाला. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचे कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधली कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून खेड्यापाड्यांतल्या ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार बायकांना त्यात सामील करून घेतले. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीमुळे, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूच्या तपासणीमुळे, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. आज जगभर या तपासणीचा आग्रह धरला जातो, त्यामागच्या भक्कम पुराव्यांत धाराशिवच्या बायका आहेत.

हा अभ्यास इथे होऊ शकला, कारण त्याची तयारी आधीपासून होती. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू होती. गावोगाव जाऊन रुग्ण आणि मृत्यू नोंदवणारी माणसे तयार झाली होती, लोक त्यांना ओळखत होते. तुलनेसाठी ठेवलेल्या, तपासणी न झालेल्या गटातल्या बायकांचे काय, यावर पुढे नैतिक वाद झाला. तो व्हायलाच हवा होता. असे प्रश्न वेळेवर विचारायलाही अभ्यास केलेली स्थानिक माणसेच लागतात.

मी मराठवाड्यातल्या एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिन शिकवते आणि एमडीच्या विद्यार्थ्यांची गाईड आहे. आज आपल्या आठही जिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, नांदेड, लातूर ही जुनी. धाराशिव, परभणी, जालना, हिंगोली ही गेल्या काही वर्षांतली. रुग्णांची कमतरता कुठेच नाही. रुग्णाच्या खाटेजवळ पडलेल्या प्रश्नाचे संशोधन करून त्याचे उत्तर पुन्हा त्याच खाटेपर्यंत आणणारा डॉक्टर मात्र आपण घडवत नाही.

एमडीसाठी लागणारा प्रबंध कसा होतो ते सांगते. पहिल्या वर्षाचा रेसिडेंट वॉर्डात बुडालेला असतो. त्यातच विषय ठरवायचा, एथिक्स कमिटीपुढे उभे राहायचे, सिनॉप्सिस, म्हणजे अभ्यासाचा आराखडा, नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे पाठवायचा. संख्याशास्त्र जाणणाऱ्या माणसाची गाठ तो बहुधा सगळी माहिती गोळा झाल्यावर घेतो. प्रश्नच नीट मांडला नसेल, तर शेवटी काढलेली पी व्हॅल्यू, म्हणजे निष्कर्ष निव्वळ योगायोग नाही ना हे तपासणारा आकडा, काही वाचवू शकत नाही. मग प्रबंध बांधून येतो, सह्या होतात, परीक्षा होते आणि तो ग्रंथालयाच्या कपाटात जातो. त्यासाठी रक्त दिलेल्या, प्रश्नांना उत्तरे दिलेल्या रुग्णांना त्याचा काहीच उपयोग होत नाही. याचे मला मनापासून वाईट वाटते.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने संशोधन पद्धतीचा ऑनलाइन कोर्स सक्तीचा केला आहे. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, चेन्नईतली संस्था तो चालवते. कोर्स चांगला आहे, पण अभ्यास आखणे शेजारी बसून शिकावे लागते.

ऊसतोड मजुरांचेच घ्या. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या बीड, जालना, धाराशिव सोडतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्यात परततात. ऑगस्टमध्ये वॉर्डात दाखल झालेली बाई सहा महिन्यांनी फॉलोअपला येणार नाही, हे आमच्या प्रत्येक सिस्टरला माहीत असते. प्रबंधात मात्र तिच्या नावापुढे 'लॉस्ट टू फॉलोअप', म्हणजे पुढे संपर्क तुटला, एवढेच लागते. ज्याला संशोधनाचे काम शिकवले आहे, तो गळीत हंगाम पाहून भेटी ठरवतो. घरी मागे राहिलेल्या म्हाताऱ्या सासूचा फोन नंबर घेतो, मुकादमाचा घेत नाही, कारण बाईचा आजार मुकादमाच्या कानावर गेला तर तिचे काम जाऊ शकते. संमतीपत्र तो लंबाणी आणि दखनी बोलणाऱ्यांना वाचून दाखवतो आणि त्यांना काय समजले ते विचारतो. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न गाजला, शासनाने समिती नेमली. लहान वयात गर्भपिशवी गेलेल्या या बायकांच्या हाडांचे आणि हृदयाचे पुढे काय होते, हे वर्षानुवर्षे पाहणारा अभ्यास अंबाजोगाईतून झाला पाहिजे.

जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग जगाला दाखवला. हे काम कोकणातल्या ग्रामीण रुग्णसेवेतून झाले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याबद्दल आम्हाला अपार आदर आहे, पण एका माणसाच्या जिद्दीवर राज्याचे धोरण उभे राहत नाही.

आमची पहिली मागणी वेळेची आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २००६ पासून विद्यापीठांना असे संशोधक डॉक्टर घडवण्यासाठीच निधी दिला. त्यातल्या एका योजनेत निवडलेल्या तरुण डॉक्टरांचा साधारण तीन चतुर्थांश वेळ संशोधनासाठी राखून ठेवला जात असे. आम्ही एवढे मागत नाही. प्रत्येक महाविद्यालयात दोन तरुण शिक्षक निवडा, त्यांना आठवड्यातला एक दिवस ओपीडी आणि ड्युटीतून मोकळा द्या आणि तो दिवस लेखी आदेशात आणा. तोंडी दिलेला दिवस पहिल्याच साथीत जातो.

दुसरे, आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे छत्रपती संभाजीनगरला विभागीय केंद्र आहे. तिथे संशोधन साहाय्य कक्ष सुरू करा. त्यात पूर्णवेळ संख्याशास्त्रज्ञ, माहितीची नोंद सांभाळणारी माणसे आणि रिसर्च नर्स यांची पदे असावीत. कंत्राटी नकोत, कारण शिकलेला माणूस अकरा महिन्यांनी गेला की कामही जाते. सिनॉप्सिस विद्यापीठाकडे जाण्याआधी विद्यार्थी या कक्षात येऊन बसला पाहिजे. आठ महाविद्यालयांत आठ वेगळे छोटे प्रबंध होण्यापेक्षा, सर्पदंशासारख्या एका प्रश्नावर आठही ठिकाणी एकाच नमुन्यात नोंदी झाल्या, तर त्यातून उपचार बदलण्याइतका पुरावा हाती लागेल.

नव्या तुकडीचे सिनॉप्सिस जायच्या आत कक्षाचा आदेश निघाला, तर सर्पदंशापासून याच वर्षी सुरुवात करता येईल. नोंदीचा नमुना बनवायला आणि आठही ठिकाणच्या सहकाऱ्यांना एकत्र बसवायला आम्ही शिक्षक तयार आहोत. बैठक मुंबईत ठेवा किंवा घाटीत, आम्ही येऊ.

आपली नम्र,
मराठवाड्यातील एक शासकीय वैद्यकीय शिक्षिका